गाडी मागे घ्यायला सांग

प्रिय आई,

काल बाबांनी तुझ्या फोनमधला एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "तिचा फोन आवरतोय. हा तुमचा श्रीलंकेचा दिसतोय, ठेवायचा का?" तू जाऊन चार महिने झाले, तरी तो फोन ते रोज चार्ज करतात! व्हिडिओ पाहिला आणि मला माझाच इतका राग आला, की तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

आठवतंय ना, कोविड यायच्या जरा आधी गेलो होतो? कॅनबेरापर्यंतचा प्रवास तुला सोसत नाही आणि आमच्या रजा ठाण्याला पुरत नाहीत, म्हणून मधेच कुठेतरी भेटू, असं मीच ठरवलं. जंगल सफारी हीसुद्धा माझीच हौस. तुला विचारलं, तर म्हणालीस, "तुम्ही न्याल तिकडे येईन गं." तुला कुठलं जंगल हवं होतं? तुला आम्ही हवे होतो. ईराच्या वेण्या घालत, माझ्याशी गप्पा मारत चार दिवस बसायचं होतं. मी तुला रोज पहाटे उठवून जीपमध्ये कोंबलं.

तुझा तो केशरी पंजाबी ड्रेस मी बॅगेतून काढूच दिला नाही. प्राणी बिचकतात म्हणून नीरजचा खाकी शर्ट घालायला लावला. तुझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. तू हसलीस, "जावयाचे कपडे घालायचे तेवढे राहिले होते!" मी हसलेसुद्धा नाही.

ड्रायव्हर सिरिलने पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं, "मॅडम, ॲनिमल कम, नो टॉकिंग." त्याने सांगितलं आणि तो विसरला. मी नाही विसरले. शंकरपाळ्यांची पिशवी वाजली की शू. मोर बघून "अगंबाई" म्हणालीस की शू. सोसायटीच्या चार मजल्यांना ऐकू जाईल असा तुझा आवाज! तिसऱ्या दिवसापर्यंत तू खुणा करून पाणी मागायला लागली होतीस.

आणि शेवटच्या सकाळी बिबट्याची मादी दिसली. तिच्याभोवती बघता बघता दहा-बारा जिपा गोळा झाल्या. आमची सगळ्यात पुढे, म्हणून मी खुशीत. ती रस्त्याच्या पलीकडे, कडेकडेने येरझाऱ्या घालत होती. चार पावलं पुढे, पुन्हा मागे. नीरज म्हणाला, "फुल रॅम्पवॉक!" मी सगळं शूट केलं. संध्याकाळी हॉटेलवर तुलाही पाठवलं. मग त्यातला आवाज काढून टाकून वर छानसं म्युझिक चढवलं आणि लावून टाकलं सगळीकडे. काय कौतुक झालं माझं! जागा होत नाही म्हणून मूळचा व्हिडिओ उडवलासुद्धा.

तुझ्याकडे तो तसाच राहिला होता.

काल दुपारी स्वयंपाकघरात ईरा आणि मी तो लावला. लॉकडाऊन आहे, दुसरं काय करणार. म्युझिक नव्हतं. तुझा आवाज आला. "अगं, तिचं पिल्लू अलीकडे राहिलंय. तिला इकडे यायचंय. गाडी मागे घ्यायला सांग ना." आणि त्यावर माझा आवाज, "आई, गप्प बस ना जरा! सगळा व्हिडिओ घालवलास!"

त्यानंतर तू एक अक्षर बोलली नाहीस. नुसतं इंजिन ऐकू येतं.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. फ्रेमच्या अगदी कोपऱ्यात, आमच्या चाकाजवळच्या झुडपात एक एवढासा कान हलतोय. पावणेदोन वर्षं तो व्हिडिओ मिरवतेय मी, आई. मला एकदाही दिसला नाही.

ईराने विचारलं, "मॉम, आज्जी वॉज राइट, नो? व्हाय वर यू सो मीन टू हर?"



मेमध्ये तू हॉस्पिटलमध्ये होतीस, तेव्हा इथून देशाबाहेर पडायलाही परवानगी लागत होती. मी दिवसभर ऑफिसात लोकांचे अर्ज तपासणारी बाई. वाटलं, माझा अर्ज कसा अडेल? अजून एक कागद जोडा, असं उत्तर आलं. ते वाचलं, तेव्हा तू जाऊन सहा तास झाले होते. टीमलीडर म्हणाली, "टेक द आर्वो ऑफ, लव्ह." अर्धी दुपार दिली मला, तुझ्यासाठी!

पण त्यांना तरी किती शिव्या देऊ? आदल्या दिवशी नर्सने फोन तुझ्या तोंडाशी धरला होता. मास्कच्या आतून तू म्हणालीस, "मनू, ऐक ना..." आणि मी म्हणाले, "आई, बोलू नकोस, दम लागेल." तू लगेच ऐकलंस. का ऐकलंस गं? आयुष्यभर सगळ्यांना सुनावत आलीस, मग माझ्यापुढेच का गप्प झालीस? एकदा तरी म्हणायचंस, तूच गप्प बस कार्टे!

आणि त्या सकाळी जंगलात पुढे काय झालं, तेही मला माहीत नाही. जीप निघाली, तेव्हा तू मान वळवून मागे बघत होतीस, वळण येईपर्यंत. मी फोनमध्ये बघत होते. ती गेली का पिल्लाकडे? तुला दिसलं असणार. मी विचारलं नाही आणि तू, बजावल्याप्रमाणे, सांगितलं नाहीस.

आता म्हणे बॉर्डर उघडणार. उघडू देत. मी येईन, बाबांसमोर बसेन, आणि ते तीच गोष्ट दहाव्यांदा सांगायला लागले तरी मधे तोंड उघडणार नाही. तो म्युझिकवाला व्हिडिओ काढून टाकलाय. तुझा लावलाय, माझ्या "गप्प बस"सकट. ऐकू देत सगळ्यांना. आणि ईराला घेऊन पुन्हा कधी त्या जंगलात गेलेच, तर फोन बॅगेत राहील आणि आधी गाडी मागे घ्यायला सांगेन. शप्पथ.

तुझी,
अलीकडे राहिलेली मनू