सोमवार की बुधवार

अभिलेखपाल साहेब,

त्या तारखेने तुम्हालाही छळलंय आणि मलाही. विमानतळाच्या नोंदीत काकांचं लढाऊ विमान सोमवारी समुद्रात पडलं. बचावबोटीच्या वहीत ती त्यांना शोधायला बुधवारी निघाली. तुमचा कारकून म्हणाला, "मग मंगळवार धरा की."

दोन्ही नोंदी खऱ्या असतील, तर दोन दिवस त्या पाण्याकडे कोणी फिरकलंच नाही.

"शोधायला लगेच गेले होते ना रे?" काकांची बहीण, माझी नव्वदीची आत्या, रोज विचारते. मी हो म्हणतो. म्हणूनच हे पत्र लिहायला आठवडाभर धजावलो नाही. पण युद्ध संपलं म्हणून जाब संपत नाही. बोट कधी बोलावली, ते बिनतारी कक्षाच्या वहीत असणार. ती उघडा आणि सोमवारचं पान मला दाखवा.

वैमानिकाचा पुतण्या