बाबांनी कारखाना थांबवला त्याची हकीकत

ती. दादास साष्टांग नमस्कार.

मी दहा वर्षांची असताना तू म्हणाला होतास, "हिला बरोबर घेतलं की काहीतरी बंद पडतंच." काल मोटारींचा अख्खा कारखाना बंद पडला, पण शपथेवर सांगते, या वेळी मी नव्हते. बाबा होते. (त्यांची तब्येत ठणठणीत आहे. माझी विचारू नकोस.) वहिनीचा गुडघा काय म्हणतो?

शेजाऱ्यांच्या गाडीचं चाक बाबांकडून नीट आवळायचं राहिलं, त्या दिवसापासून चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या या मेकॅनिकने पान्याला हात लावलेला नाही, हे तू पाहतोच आहेस. कान गेला, हात गेला, एवढंच म्हणतात. म्हणून तर या परदेशवारीत मी त्यांना मुद्दाम कारखाना दाखवायला नेलं. तिथे गाड्या पट्ट्यावरून वरातीच्या चालीने सरकतात आणि डोक्यावर एक पिवळी दोरी असते. काही चुकलं की ती ओढायची, असं माहिती देणाऱ्या मुलीने सांगितलं. कुणी ओढायची, हे सांगायचं राहिलं. एका कामगाराने निळ्या गाडीचं दार लावलं, तो आवाज ऐकून बाबा थबकले. म्हणाले, "पुन्हा लाव बघू." त्याला मराठी येत नव्हतं. (बाबांना हे पटलं नाही.) मग त्यांनी हात वर केला आणि दोरी ओढली.

दादा, सगळं थांबलं. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. मुकादम धावत आला. त्याने दार उघडलं, लावलं, खाली वाकला, तर रबराची पट्टी कोपऱ्यात दुमडलेली. आता बोलणी बसणार म्हणून मी पुढे झाले, तर त्याने टोपी काढून बाबांचे आभार मानले. दोरी ओढणाऱ्यावर रागवायचं नाही, आभारच मानायचे, चूक निघो न निघो, असा तिथला नियम आहे म्हणे. (आपल्या घरात तो असता तर माझं बालपण वेगळं गेलं असतं.)

बसमध्ये बाबा खिडकीच्या रबरावरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "कान आहे अजून." किती महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. हॉटेलवर पोचताच त्यांनी कपाटाचं करकरणारं दार माझं केसांचं तेल आणि नेलकटर घेऊन दुरुस्त केलं.

तुझी,
धाकटी

ता. क. स्क्रू बाबांच्या हातातून दोनदा पडला. हात थरथरतो, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

आणखी एक. तुझी नवी गाडी, जिला तू आम्हाला टेकूही देत नाहीस, ती आम्ही परतल्यावर एक दिवस बाबांकडे सोड. चाकं नंतर तू तपास, फक्त त्यांच्यादेखत नको. तू नाहीच म्हणणार. फोनवर झटकन म्हणाला असतास. म्हणून हे पत्र; त्याला निदान आठवडा लागेल, तोवर विचार कर.