सरोवरांच्या वाटेवरचा जबाब

राजूर, ता. वणी
२१ जुलै २०२४

ती. ताईस,
सलीलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खाणीतल्या आमच्या ऑफिसात हाताने लिहिलेलं पत्र येणारा मी एकटाच उरलो आहे. टपालवाला आला की सगळे माझ्याकडे बघून हसतात. कोणीतरी मुलगी असणार असा त्यांचा समज आहे. माझी सख्खी बहीण राळेगावला शाळेत भूगोल शिकवते, तिला फोनवर बोलणं आवडत नाही आणि पत्रंसुद्धा घरी नको, शाळेच्या पत्त्यावर हवीत, असं सांगितलं तर कोणाला पटत नाही. मलाही अर्धंच पटतं.

काश्मीरची तयारी झाली. सहा दिवस चालायचं, सात सरोवरं बघायची. नागपूर-अमरावतीकडचे आणखी नऊ जण आहेत. भाऊजींनी मला बूट घेऊन दिले आणि पायात मुरावेत म्हणून आतापासून घाल असा हुकूम दिला, म्हणून मी ते घालून खाणीत उतरतो. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून गाडी शिकवण्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं भाऊजींनीच केलं. आता ते मलाही सोबत घेऊन चालले, याचा मला किती आनंद झाला आहे, ते तुला सांगायला नको.

तू यायला हवी होतीस. पण बाथरूममध्ये घसरून हाडं मोडून घेण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. गेल्या वर्षी बरगडी, यंदा मनगट. मुलींना पर्वतरांगा शिकवणारी बाई स्वतःच्या घरातल्या सपाट फरशीवर पडते, हे वर्गात सांगू नकोस.

आई यवतमाळला बरी आहे. पोरगं तिकडं मरायले कायले जाते, असं रोज विचारते.

भैरवीला पापा. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा
सलील

*

राळेगाव
२९ जुलै २०२४

चि. सलील यास,
अ. उ. आ.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. डावा हात आहे, त्यामुळे लिहायला अडत नाही. भैरवी त्या प्लास्टरवर रोज एक फूल काढते. आता जागा उरलेली नाही.

ह्यांच्याबरोबर चिवडा आणि तिळाची चटणी पाठवते आहे. वर भूक मरते म्हणतात, तरी खात जा. कानाला मफलर बांध. तू लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून खाली यायला घाबरला होतास, ते मी कोणाला सांगणार नाही, पण खाली बघून चालू नकोस.

आणि एक ऐक. ह्यांना थकवा आला, भूक लागली किंवा कोणी शब्द मोडला की राग येतो. तेव्हा मध्ये बोलू नकोस, समजूत काढू नकोस, हसूही नकोस. नुसता बाजूला हो. थोड्या वेळाने ते आपोआप गोड बोलू लागतात. काहून सांगते म्हणून विचारू नकोस. तुमची सहल चांगली व्हावी एवढंच.

तिथून एक सविस्तर पत्र लिही, शाळेच्या पत्त्यावर. मुलांना वाचून दाखवीन.

सुखरूप ये, तोवर माझा जीव तुझ्याबरोबरच फिरणार आहे.

तुझी
ताई

*

श्रीनगर
१४ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुलांना वाचून दाखवू नकोस.

भाऊजी काल विमानाने निघाले. माझी गाडी जम्मूहून परवा आहे. दोन दिवस हॉटेलच्या खोलीत बसलो आहे आणि झालेलं सगळं तुला लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

आमचा वाटाड्या गुलजार खटाणा नावाचा गुज्जर होता. वय चाळीसच्या आसपास, कमी बोलणारा. तिसऱ्या दिवशी आम्ही विशनसर सरोवराच्या काठी तंबूंत होतो. त्या दिवशी पावणेचौदा हजार फुटांची खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं होतं. सकाळी पाऊस नव्हता, पण खिंडीवर काळं साचलं होतं. गुलजारने आभाळाकडे बघितलं आणि आज कोणी वर जाणार नाही म्हणून सांगितलं. खेचरांवर चढवलेलं सामानही उतरवायला लावलं.

भाऊजी आधी हसले. मग म्हणाले की आपण ठरल्याप्रमाणेच जाणार, हा कोण सांगणारा. ते स्वतःच खेचरावर बोजा चढवू लागले. खेचर हललं म्हणून त्यांनी चालायच्या लोखंडी काठीने त्याच्या तोंडावर तीन-चार फटके ओढले. गुलजारने येऊन काठी धरली. शिवी दिली नाही, ढकललं नाही, नुसती काठी धरली आणि साहेब, जनावराला नको, असं म्हणाला.

भाऊजींनी काठी सोडली. मनगटावरचं घड्याळ काढलं, पट्टा नीट घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, मिटलं. मग त्यांनी त्याच्या कानाखाली अशी लगावली की तो दगडावर आपटला. उठू लागला तर बरगड्यांत बुटाची लाथ, पुन्हा लाथ. वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला. तो कसाबसा उभा राहिला आणि मी धावलो.

ताई, मी सोडवायला धावलो. पण मी गुलजारला मागून मिठी मारली, त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत होते. मला वाटलं, मी त्याला मागे ओढतो आहे. भाऊजींनी खाली पडलेली काठी उचलली आणि मी धरलेल्या त्या माणसाच्या तोंडावर दोनदा मारली. दुसरा फटका डोळ्यात बसला. त्याचं सगळं अंग माझ्या छातीवर ताठ झालं आणि मग सैल पडलं. माझ्या जॅकेटच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या.

अमरावतीच्या एक डॉक्टर बाई होत्या, त्यांनी त्याला तंबूत नेलं. चार खेचरवाले काठ्या आणि कुऱ्हाड घेऊन आमच्या तंबूभोवती उभे राहिले. त्यांनी भाऊजींना तिथेच चेचलं असतं. गुलजारने तंबूतून तोंड बाहेर काढलं, डोळ्यावर पट्टी, हनुवटीवरून रक्त, आणि आपल्या बोलीत काहीतरी ओरडला. ते मागे सरले. त्याने आम्हाला वाचवलं.

दुपारी खिंडीवर गारा आणि विजा सुरू झाल्या. तंबूचं कापड फाटलं. संध्याकाळी वरून एक मेंढपाळ उतरला. त्याच्या तीसेक मेंढ्या विजेने जागीच मेल्या होत्या. एक मेलेलं कोकरू त्याने खांद्यावर आणलं होतं, त्याची लोकर जळून काळी झाली होती. ज्या वळणावर त्या मेल्या, तिथे त्या वेळी आम्ही असतो. हे मी भाऊजींना सांगितलं, तर त्यांनी मला चहात साखर कमी आहे का ते विचारलं.

खाली उतरल्यावर पोलिसांनी प्रत्येकाचा जबाब घेतला. भाऊजींनी आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन समजावलं की वर्षअखेरीला त्यांची बढती आहे, केस झाली तर तू आणि भैरवी उघड्यावर याल, आणि तो माणूस तसाही बरा होईल. मी लिहून दिलं की वाटाड्या पाय घसरून दगडावर पडला. बाकीच्यांनी काही पाहिलंच नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर बाईंनी तेवढं खरं लिहिलं.

त्याचा डोळा गेला, ताई. काल कळलं.

मी बरोबर केलं का ते सांग. तुझ्यासाठी केलं, असं मला वाटत होतं.

तुझा
सलील

*

राळेगाव
२६ ऑगस्ट २०२४

चि. सलील यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं. नंतरचे दोन तास आमच्या मुख्याध्यापिका रजनी मॅडमनी माझे वर्ग घेतले आणि मला काही विचारलं नाही. पत्र शाळेच्या कपाटात ठेवलं आहे. घरी नेता येत नाही. माझा फोन रोज संध्याकाळी तपासला जातो, म्हणून मी फोनवर बोलत नाही. मला आवडत नाही, हे खोटं आहे.

घड्याळ काढतात ते मला माहीत आहे. पट्टा घडी करतात तेही. अकरा वर्षं झाली. काच फुटू नये म्हणून काढतात. तेवढ्या वेळात भैरवीला शेजारच्या खोलीत पाठवून कडी लावायची, हे मी शिकले आहे. बरगडी आणि मनगट तुला ठाऊकच आहे. पाठीवर कढईचा चटका आहे. भैरवीच्या आधीचा एक जीव चौथ्या महिन्यात गेला. प्रत्येक वेळी दवाखान्यात माझ्याच अक्षरात लिहून दिलंय, पाय घसरून पडले. तुझ्या जबाबातली ओळ वाचून मला वाटलं, माझीच वही कोणीतरी उतरवून घेतली.

शेजारचे डोमाजी काका एसटीत ड्रायव्हर होते. आमच्याकडे सुरू झालं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. वाईट माणूस नाही. त्यांनाही काय करावं ते समजत नसेल.

हे आल्यापासून सगळ्यांना हसून सांगतात की वाटाड्या दारू पिऊन पडला. परवा पाहुण्यांसमोर त्यांनी पडण्याची नक्कलही केली. सगळे हसले. मी चहा दिला.

तू विचारलंस म्हणून सांगते. तू बरोबर केलं नाहीस. माझ्यासाठी केलं असं म्हणू नकोस, मला कोणी विचारलं नव्हतं. तुझ्यावर राग नाही, कारण मी तेच अकरा वर्षं केलं. पण मी खोटं लिहिलं तेव्हा मार मीच खाल्ला होता. तू लिहिलंस ते दुसऱ्याच्या डोळ्यावर.

चिडून इकडे येऊ नकोस. तू त्यांना मारलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. मारणारा आणखी एक माणूस मला घरात नको आहे.

तरीही तू माझा आहेस, हे विसरू नकोस.

तुझी
ताई

*

राजूर
४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मोटारसायकल काढली होती. वणीच्या पुढे पुलापर्यंत आलो. सीटखाली खाणीतला मोठा पाना होता. पुलावर थांबलो, तुझी शेवटची ओळ आठवली आणि परत फिरलो. तुला खोटं सांगायचं नाही म्हणून हे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन नवा जबाब तयार केला आणि काश्मीरच्या त्या ठाण्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला. आधीचा खोटा होता असं त्यात आहे. भाऊजींनी काय केलं ते आहे. आणि त्या माणसाचे हात मी धरले होते, तेही आहे. वकील म्हणाले, शेवटचं वाक्य काढून टाका, तुम्हीही अडकाल, नोकरीवर येईल. मी राहू दिलं.

मग गुलजारला फोन केला. मला वाटलं होतं, शिव्या देईल. त्याने शांतपणे विचारलं, साहेब, तुम्ही मला का धरलं. मी म्हटलं, सोडवायला. तो म्हणाला, हात मोकळे असते तर मी तोंड फिरवलं असतं. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याची माफी मागायची राहिली. मागितली असती तरी त्याने ती कुठे ठेवली असती.

नोटीस आली की भाऊजी तुझ्यावरच उलटतील, हे मला जबाब पाठवल्यावर सुचलं. आधी सुचायला हवं होतं. तू आणि भैरवी हे पत्र मिळताच आईकडे जा. मी न्यायला येतो. नको म्हणशील तर वर्धा रोडवरच्या फाट्यावर उभा राहीन, घरापर्यंत येणार नाही.

ताई, लवकर उत्तर दे. माझ्यावरचा लोभ मागायचं धाडस आज होत नाही.

तुझा
सलील

*

यवतमाळ
२९ सप्टेंबर २०२४

चि. सलील यास,
अ. उ. आ.

दवाखान्यात तू रोज येत होतास, पण माझा जबडा बांधलेला होता आणि तू नुसता पायाशी बसून रडत होतास. म्हणून झालेलं लिहूनच कळवते.

तुझं पत्र मला नवव्या तारखेला मिळालं. बॅग शाळेत नेऊन ठेवली होती, शनिवारी निघायचं ठरवलं होतं. तिकडच्या पोलिसांचा फोन गुरुवारीच आला. प्रफुल्ल (नवऱ्याला आता मी नावानेच म्हणते) दुपारी दोनला ऑफिसातून घरी आला. मी घरीच होते, भैरवीला ताप होता. घड्याळ काढायला तो या वेळी थांबला नाही. पहिल्याच ठोशात माझे दोन दात गेले. केस धरून त्याने माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. तूच भावाला शिकवलंस, असं तो सारखं म्हणत होता. भैरवी मधे आली, तर तिला त्याने भिंतीवर फेकलं.

ते पाहिलं आणि माझ्यात काय आलं कोण जाणे. हाताला पोळपाट लागला. मी तो त्याच्या कपाळावर मारला, सगळा जोर लावून. तो खाली बसला. मी पोरीला उचललं आणि मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने बाहेर पडले. आजवर जे घरात होत होतं ते मी रस्त्यावर नेलं. तो मागून आला. पानठेल्यासमोर त्याने मला खाली पाडलं आणि सगळ्यांच्या देखत लाथा मारल्या. पंधरा-वीस माणसं होती. कोणी हललं नाही.

मग डोमाजी काका बनियनवरच धावत आले. सत्तरीचा माणूस. त्यांनी मागून धरलं, सलील, पण त्यांनी प्रफुल्लचे हात धरले. एकाने धरल्यावर मग चौघे धावले.

रजनी मॅडम मला ठाण्यात आणि मग दवाखान्यात घेऊन गेल्या. मी बोलू शकत नव्हते, म्हणून सगळं लिहून दिलं. अकरा वर्षांची अकरा पानं झाली. जुन्या दवाखान्यांचे कागदही मागवले आहेत. प्रफुल्ल आठ दिवस आत होता, आता जामिनावर आहे. त्याच्या आईचा निरोप आला की घरातली गोष्ट घरात मिटवा. मी उत्तर दिलं नाही. भैरवीच्या खांद्याला मुका मार आहे. ती झोपेत ओरडते.

तुझ्या जबाबामुळे मला मारलं, असं मनात घेऊन बसू नकोस. मला मारणाऱ्याने मारलं. मात्र गुलजारच्या बाबतीत मी तुझं ओझं हलकं करू शकत नाही. तारीख लागली की तुला तिकडे जावं लागेल. जा, आणि त्याच्यासमोर उभा राहून बोल. तो ऐकेल की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

आईच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. बदलीचा अर्ज केला आहे. तोवर रजेवर आहे. भैरवीने खिडकीत मेथी पेरली आहे आणि मामाला खाऊ घालणार म्हणते. मला अजून पातळ खिचडीच जाते, तेव्हा तुझ्यासाठी वेगळं काही करणार नाही.

रविवारी ये. दार वाजवण्याआधी बाहेरून हाक मार. मी अजून दचकते.

तुझी
ताई