प्रेत माझ्याकडे, खुनी तुझ्याकडे

प्रिय वाळवी,

तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण आधी तुझ्यावर रागवायचं आहे. कपडे नेलेस, माझी चांगली कात्री नेलीस, ते ठीक. पण खुनी का नेलास? तलावात तरंगणारी ती शाळेच्या पोहण्याच्या संघाची कप्तान, तिची धडधडीत खोटं बोलणारी मैत्रीण आणि ते गुळगुळीत बोलणारे क्रीडासर, एवढी मंडळी घेऊन मी इथे बसले आहे. मैत्रीण सरांचं कपाट उघडते आणि माझी पानं संपतात. कपाटात काय आहे ते तुझ्या दप्तरात!

दोष आपल्याच खोडीचा. जाड पुस्तक आलं की दोघींनाही धीर निघत नाही, म्हणून कणा कापून दोन भाग करायचे, तू पुढे, मी तुझ्या मागे, आणि दोघींचं झालं की खळ लावून पुन्हा बांधायचं. बाइंडरच्या घरात पुस्तकासाठी कोणी थांबत नाही. माझा दादा, तुझा बाबा, तुला न्यायला आला तेव्हा तू दुसरा भाग वाचत वाचतच गाडीत बसलीस आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी रडण्यात गुंतले होते.

दुकानात कॉलेजच्या प्रबंधांचा ढीग पडला आहे. तुझ्या स्टुलावर आता खळीचा डबा असतो. करमत नाही.

काल वहिनीचा, म्हणजे तुझ्या नव्या आईचा, फोन आला. बिचारीने इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, की मेलंय कोण? अंथरूण आवरताना तिला तुझ्या उशीखाली अर्धं पुस्तक सापडलं. जेवतानाही तुझी मान वर होत नाही, एवढं त्यात आहे तरी काय म्हणून ती रोज तू शाळेत गेल्यावर वाचत होती. सगळं वाचून झालं. खुनी कोण ते तिला ठाऊक आहे, फक्त त्याने कोणाला मारलं ते कळत नाही. मी पोट धरून हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्याच पोटात जरा दुखलं. वाळवीबरोबर पुस्तक वाचायचा मान आजवर माझा होता ना!

तू लिहिलंस, आत्या, मला परत ने, इथे बोलायला कोणी नाही. हे घर तुझंच आहे, कधीही ये, मी विचारणार नाही. पण तुझ्याशी बोलायला काहीतरी मिळावं म्हणून जी बाई मधूनच पुस्तक वाचायला लागली, तिच्याशी आधी एकदा बोलून बघ. पहिला भाग सोबत पाठवते आहे. तो तिला तुझ्या हाताने दे. मग दोन्ही भाग घेऊन दोघी इकडे या, बांधून देते. तोवर खुनी कोण ते मला कळवू नका. मी थांबते.

तुझीच,
आत्या