शाफ्टावर ठेवलेला हात

बाबा, तुझ्याच शेडमधी कामाला लागले हाय मी. तू गेलास तेव्हा मी आठवीत व्हते, शाळा तिथंच राहिली, मग लग्न झालं, आन आता मला मुलगी हाय. अजून बसता येत नाय तिला. घरी सासू सांभाळते. आमचे हे डोलवीला कंत्राटावर जातात, काम असलं तर असलं, नाय तर घरी. म्हणून मीच एक दिवस मिनीडोरमधी बसून धाटावला आले आन शेठला विचारलं. शेठने आधी ओळखलंच नाय. तुझं नाव सांगितलं तेव्हा चष्मा काढून बघितलं. बोलला, "तान्हं पोर घरी टाकून येणार? आठवड्यात पळशील." तुझा जोडीदार काका तिथंच उभा व्हता. तुझ्या जागेवर आता तोच फवाऱ्याची गन मारतो. तो बोलला, "शेठ, हिच्या बापाने केलेला एक जॉब कधी परत आला नाय. ठेव हिला टेप लावायला." तुझ्या नावावर मला घेतलं, बाबा. माझ्याकडं बघून नाय.

तुला ठाऊकच हाय, पण मला लिहायला बरं वाटतं म्हणून लिहिते. झिजलेले शाफ्ट येतात, कुठल्या पंपाचे, कुठल्या मोठ्या पंख्याचे, भातगिरणीचा पण येतो एखादा. बेरिंग बसतं तिथं झिजून झिजून कंबर पडलेली असते. लहानपणी मला वाटायचं, झिजलं ते गेलं. आपला विळा झिजून काडी झाला, आजीची जोडवी झिजून तारेसारखी झाली, कोणी परत भरून दिली? आन तू लोखंड भरून द्यायचास. शाफ्ट लेथवर गरगर फिरतोय, तू काळा चष्मा लावून गन धरलीस, मागून तार आत जाते, पुढून तार येतच नाय, जाळ येतो, आन त्या जाळात तारेचं धुकं झालेलं. लोखंडाचं धुकं! ते जाऊन शाफ्टावर बसतं, थरावर थर, आन कंबर हळूहळू भरून येते. आवाज तर छातीत घुमायचा. मला दाराबाहेर उभी करून तू हातात काळी काच दिलेलीस. मधी मधी थांबून उलटा हात जवळ नेऊन शेक बघायचास आन बोलायचास, "बघ गो, चहाच्या ग्लासाएवढाच गरम हाय." तार पाण्यासारखी वितळते आन खाली शाफ्ट चहाच्या ग्लासाएवढा. काकाने मला आता समजावलं, थेंब एवढे बारीक असतात की बसता बसता थंड व्हतात. समजलं. पण अचंबा काय जात नाय. रोज बघते तरी रोज तोंड उघडं राहतं.

तो डबा आठवतो का तुला? आपण रोह्याला भाड्याच्या खोलीत ऱ्हायचो, आईने माझी तेल लावून वेणी घातली आन डबा देऊन मला शेडवर पाठवली. जॉबाला ब्लास्टिंग झालेलं. बारीक दाणा जोराच्या हवेने मारून लोखंड खरखरीत करायचं, म्हणजे धुकं त्याला धरतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक. मी बघितला तो नुसता शाफ्ट. काळं लोखंड, पण त्या दिवशी मिठागरातल्या ओल्या मिठासारखं दिसत व्हतं, राखाडी, आन उजेड त्याच्या कणाकणावर बसलेला. मी जाऊन हात ठेवला. तू एवढ्या जोरात "हात!" ओरडलास की माझ्याकडनं डबा पडला, सुकट सगळी जमिनीवर. काका हसून बोलला, "आज मांजरांची दिवाळी."

मला वाटलं मारशील. पण तू जॉबाला परत ब्लास्टिंग मारलंस, काम संपवलंस, मग भंगारातनं एक तुकडा उचललास, त्याला पण दाणा मारलास आन माझ्यापुढं धरलास. "ठेव आता हात. पोटभर ठेव." मी घाबरत घाबरत ठेवला. त्याच्यावर तू गन मारलीस. थंड झाल्यावर छोट्या हातोडीने वाजवून दाखवलंस. इथं टण, तिथं टण, आन माझी बोटं लागली व्हती तिथं भद्द. छिन्नीचं टोक घातलंस तर तेवढाच पापुद्रा उचलून आला, भाकरीचा येतो तसा. "तुझ्या हातात वायट काय नाय गो," तू बोललास, "पण त्याला एकदा खरखरीत केला की कोणी हात लावायचा नाय. मी पण नाय. घामाचा नाय, तेलाचा नाय, कसलाच थेंब नाय. आपल्याला वरून काय दिसत नाय. पण आत बेरिंगमधी हे सुटलं तर मशीन जागेवर जाम व्हते, आन तिथं बाजूला माणसं उभी असतात." पापुद्रा मला दिलास. अजून माझ्याकडं हाय, कुंकवाच्या डबीत.

आता हल्लीचं सांगते. एका कंपनीचा मोठ्या पंख्याचा शाफ्ट आला व्हता, घाईचा. टेम्पोवाला दारातच बसलेला. माझं काम म्हणजे ब्लास्टिंग झालं की जिथं धुकं बसायला नको तिथं नवीन टेप लावायची, चावीच्या खाचेत लाकडाची पट्टी ठोकायची. ढगाळ दमट हवा, त्यात उघडं लोखंड लगेच गंजतं, म्हणून काका मागनं ओरडतोय, "चल गो, आवर, शाफ्टाची वास्तुशांत नाय करायची." हातात मोजे घालून मी वाकून टेप फिरवत व्हते. मुलीला पाजायची वेळ टळून गेली व्हती. छाती सकाळपासनं दगड झालेली. सासूबाई झोपल्या तर नसतील ना, पोरीने वरचं दूध घशात घेतलं तर, असं डोक्यात चालू व्हतं. आन तिची आठवण आली आन पान्हा सुटला. ड्रेस पुढनं भिजला आन मी वाकलेली, दोन थेंब खाली पडले. बरोबर बेरिंगच्या जागेवर.

बाबा, लोखंडाने ते पिऊन टाकलं. मी बघते बघते तोवर नायसं झालं. डागसुद्धा नाय. माझ्याशिवाय कोणी बघितलं नव्हतं.

काकाने चष्मा चढवला, लेथ चालू करायला हात टाकला. मी तिथंच उभी. शेडमधी सगळे बाप्ये. काय सांगू त्यांना? घाम पडला म्हटलं असतं तर "कुठं पडला, बघू" करत सगळे माझ्याकडं वळले असते, आन माझा ड्रेस पुढनं ओला. ओढणी पण कामात अडकते म्हणून मी बाजूच्याच खुंटीला लावलेली. शेठ तर बोललाच असता, सांगितलं व्हतं, बाळंतिणीचं हे काम नाय. गप्प बसले असते तर गन चालू झाली असती, सगळं साजरं दिसलं असतं, टेम्पो निघून गेला असता. आन माझ्या कानात ते भद्द वाजत व्हतं. मी मोजा काढला, सगळ्यांच्या समोर, आन उघडा तळवा शाफ्टावर ठेवला.

"हात!" काका ओरडला. तुझ्यासारखाच ओरडला. सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले, तेवढ्यात मी दुसऱ्या हाताने ओढणी ओढून घेतली.

"काय केलंस गो हे? पोर व्हतीस तेव्हा लावलास, पोर म्हणून सोडली. आता स्वतःला पोर झालं तरी तीच खोड?"

"चुकून लागला, काका."

"चुकून? मोजा काढून चुकून?"

टेम्पोवाला बोलला, "मी काय आता इथंच संसार मांडू काय?" कोणी हसलं नाय. शेठ ऑफिसातनं बाहेर आला. तो ओरडला नाय, तेच जास्त लागलं. बोलला, "बापाच्या नावावर आलीस आन बापाचंच नाव पुसलंस. उद्यापासून टेपाला हात लावायचा नाय. झाडू मार." मी व्हय म्हटलं. काढून टाकलं नाय, तेवढंच पुष्कळ.

परत ब्लास्टिंग झालं. टेप काकाने स्वतः लावली. मी दाराबाहेर जाऊन काळी काच डोळ्याला धरली, तुझीच काच, अजून खिळ्याला टांगलेली असते. जाळ लागला. फट्ट करून आवाज झाला तशी मी दचकले, रोजच दचकते, पोरीचं तोंड समोर येतं. मग धुकं सुटलं. शाफ्ट फिरतोय आन त्याच्या झिजल्या जागेवर लोखंड येऊन बसतंय, कुठनं येतंय आन कसं धरतंय, देवाला ठाऊक. बघता बघता मी सगळ्यांची बोलणी विसरले. थंड झाल्यावर काकाने हातोडी घेतली. टण. थोडं फिरवून टण. आणखी फिरवून टण. माझे थेंब पडले व्हते त्या जागेवर आल्यावर मी श्वास धरला. टण. मी तिथंच दाराला टेकून रडले. काकाला वाटलं बोलणी लागली म्हणून रडते. जवळ येऊन बोलला, "रडू नको, बापाला पण शेठने कितीदा झापलाय."

आता मी झाडते. जमिनीवरचा दाणा गोळा करून पोत्यात भरते. ड्रेसच्या आत दुपट्याची घडी ठेवून येते. काकाला सांगितलं तर समजेल कदाचित, त्याला पण लेकी हायत. पण तोंड उघडत नाय माझं. शेडमधी सगळे बोलतात तुझं नाव मी घालवलं, निदान तुला खरं काय ते कळावं म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठं पाठवणार? मुलीच्या जुन्या झबल्यात गुंडाळून ठेवते, त्या कुंकवाच्या डबीच्या बाजूला.

आन अजून एक हाय. तुला वाटेल पोरीने जॉब वाचवायला हात ठेवला. तेवढंच नाय, बाबा. त्या डब्याच्या दिवसापासनं मला त्या खरखरीत लोखंडाला परत एकदा हात लावायचा व्हता. ठेवला, आन काका ओरडला तरी लगेच उचलला नाय.