आबांचा बँजो आणि दादाचं संमेलन

सोम. २७ जाने. ८६

सकाळची पाळी. टेलिफोन एक्स्चेंजमधून घरी येताना वाटेत पांडूकाका भेटले. आबांच्या बँजो पार्टीत जन्मभर ढोलकी वाजवली त्यांनी. विचारतात, तू कुठे बसणार, बायकांत की घरच्यांत? मला काहीच ठाऊक नाही. मग त्यांनीच सांगितलं. दादा पुढच्या महिन्यात बँजोवाल्यांचं संमेलन भरवतोय. शनिवार-रविवार, बाजाराजवळच्या कार्यालयात. 'वडिलांच्या स्मरणार्थ', म्हणजे आबांच्या. खेड, मालगुंड, पावस, मुंबई, सगळीकडची माणसं येणार. पत्रकं वाटूनही झाली.

आईला माहीत होतं. म्हणाली, सांगणारच होते.

आबांचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. एवढ्या आजारपणात दादा मुंबईहून दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तो खांदा द्यायला.

गुरु. ३०

दुपारी मुंबईचा ट्रंक कॉल आला, इथल्या मंडपवाल्याला जोडायचा. आवाज दादाचा. त्याने माझा ओळखला नाही. "थँक्यू, मॅडम," म्हणाला. बहिणीला.

लाइनवर थांबू नये असा नियम. थांबले. तो मंडपवाल्याला सांगत होता: रविवारी शेवटी आबांचा बँजो अन्वरला द्यायचा, स्टेजवर, हार घालून, कायमचा. फोटोवाला बोलावून ठेव.

अन्वर म्हणजे मूळचा पावसकडचा, आता मुंबईत नाव झालेला. त्याच्याकडे म्हणे चार बँजो आहेत. वेळ संपल्याबरोबर लाइन तोडली. एरवी थोडं सोडते.

रवि. २ फेब्रु.

आईपाशी विषय काढला. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "देऊ दे गो. तुला काय वाजवता येतं?"

नाही येत. पण अर्धांगाने आबांचा डावा हात गेल्यावर तो बँजो वाजला कसा, हे काय तिला माहीत नाही? आबा उजव्या हाताने तारा छेडायचे. बटणं दाबायला मी. शेजारी पाटावर बसून. ते म्हणायचे "धर", मी धरायची. "सोड" म्हणाले की सोडायची. चुकलं की पाठीत कोपर. दोन वर्षं रोज संध्याकाळी असं चाललं. शेवटी शेवटी बोलावंही लागत नव्हतं. त्यांच्या श्वासावरून कळायचं.

ते वाजवणं नव्हे म्हणे.

गुरु. ६

दादा आला. आल्या आल्या आबांच्या खुर्चीत. चहा, पोहे, मुंबईच्या गोष्टी. जेवणं झाल्यावर मीच म्हटलं, बँजो मिळणार नाही. तुला कोणी सांगितलं, हे पहिलं विचारलं त्याने. मग समजावणीचा सूर. वस्तू जाणत्याच्या हाती पडली तर आबांचं नाव राहील, खाटेखाली ठेवून वाळवीच लागणार, वगैरे. मी भांडी घासायला उठले. तो मागे मोरीपर्यंत आला.

"तू आबांना माझ्यापासून तोडलंस."

"तू आला कधी होतास?"

हातातलं पातेलं आपटलं मी. आई म्हणाली, शेजारी ऐकतायत. शेजाऱ्यांची काळजी फार.

शनि. ८

दुपारी पाळीवरून आले तर घराला कुलूप, खाटेखाली रिकामं. बँजो आईनेच काढून दिला. स्वतः नवं लुगडं नेसून कार्यालयात गेली होती.

तशीच गेले. पांडूकाकांनी पुढे जागा करून दिली. वीसपंचवीस बँजोवाले. भोंगे असे लावलेले की पोटात धडधडावं. खेडची पार्टी लाल शर्टांत, वाजवण्यापेक्षा कॉलर सावरण्यात गुंग. एकाच गाण्याचं चौघांनी चार वेळा मातेरं केलं. पावसचा एक जण डोळे मिटून वाजवतो. ऐकणाऱ्यांनीही मिटले, निराळ्या कारणाने. मालगुंडचे एक मास्तर मात्र बरे. भोंगा बंद करा म्हणाले आणि नुसतंच वाजवलं. त्यांना टाळ्या कमी.

आबांचा बँजो स्टेजवर टेबलावर. झेंडूचा हार तारांवरच टाकलेला. ओल्या फुलांचं पाणी तारांवर. कोणाला म्हणून कळू नये.

मग दादाचं भाषण. आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्या हातांनी कशी कला जपली, इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाला, आजारपणात आबांच्या बोटांतली कला गेली आणि दोन वर्षं हा बँजो मुका होता. 

मुका.

पांडूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा स्टेजकडे. आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. तिला तरी खोटं कळत होतं.

रवि. ९

लिहून ठेवते.

जायचं नाही असं ठरवलं होतं. अकराला निघालेच. अन्वर वाजवत होता, स्वतःच्या बँजोवर. चांगला वाजवतो. वाईट वाजवता तर माझं काम सोपं झालं असतं. पस्तिशीचा, सडपातळ, फार मान हलवत नाही.

शेवटी दादाने माइक घेतला. आता तो क्षण, वगैरे. फोटोवाला पुढे सरकला. दादाने हारासकट बँजो उचलला आणि मी उठले. कशी चढले पायऱ्या, आठवत नाही. दादाला वाटलं मी फोटोत उभी राहायला आले. जरा सरकून जागाही केली त्याने.

हार काढून टेबलावर ठेवला. बँजो त्याच्या हातातून घेतला. त्याने धरून ठेवला, मी ओढला. भर सभेत, दोन पोरांनी खेळणं ओढावं तसा. माइक जवळच होता. मी एवढंच म्हटलं, "हा मुका नव्हता. आबा तारा छेडायचे, मी बटणं दाबायची. शेवटच्या आठवड्यापर्यंत." भोंग्यातून माझाच आवाज मला परका लागला.

दादाने सोडला.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी अडवलंही नाही. खाली उतरताना मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, वेडबीड लागलं वाटतं, लग्न नाही झालं ना वेळेवर. ऐकू यावं अशाच बेताने. बाहेर ऊन रणरणत होतं. बँजो छातीशी धरून बाजारातून चालत आले. दुकानदार बघत होते. बघू देत.

सोम. १०

दादा रात्री पांडूकाकांकडे झोपला. आई घरात आहे पण माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, सरकवते.

सकाळी अन्वर आला. एकटाच. आत या म्हटलं तर पायरीवरच बसला. मी भांडायच्या तयारीत. तो म्हणाला, दादांनी आम्हाला सांगितलं की घरच्या सगळ्यांची मर्जी आहे. मग म्हणाला, "ताई, मी घेऊन ठेवला असता. खोटं बोलत नाही. नंतर समजलं असतं तरी बहुतेक परत दिला नसता." सरळ माणूस. त्यामुळे रागही धड येईना. चहा प्याला, बँजो बघू का असंसुद्धा विचारलं नाही, गेला.

दादाचा निरोप पांडूकाकांकडून: या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पांडूकाका म्हणाले, बाय, तू बरोबर होतीस, पण चारचौघांत नको होतं. मी विचारलं, चारचौघांत खोटं बोललेलं चालतं? आणि तुम्ही का गप्प बसलात? ते उठून गेले. आता त्यांच्याशीही बोलणं नाही.

बुध. १२

आई दादाबरोबर मुंबईला गेली.

काल संध्याकाळी अचानक म्हणाली, जाते काही दिवस. किती दिवस? बघू. मी म्हटलं, जा, त्याच्या खोटेपणाला साथ द्यायला कोणी तरी हवंच. चूल सारवत होती. हात थांबला तिचा. किती दिवसांत माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं, ते पाहिलं.

"तो खोटं बोलला, मला कळलं. पण तुम्ही दोघं वाजवत बसायचात ना, मी इथे चुलीपाशी असायचे. रोज. एकदा तरी म्हणालात, ये, बस?"

मी म्हटलं, तू कामात असायचीस.

"हो," म्हणाली. "कामात असायचे."

पुढे सारवत राहिली.

आज स्टँडवर पोचवायला गेले. दादा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा, पेपर तोंडासमोर. आईला खिडकीची जागा मिळाली. डबा दिला, तिने घेतला. नीट जा म्हटलं. मान हलवली. एवढंच. गाडी वळेपर्यंत उभी राहिले.

शनि. १५

रात्रपाळी मागून घेतली. घरात संध्याकाळ नको.

चूक माझी नव्हती, हे पन्नासदा मनाशी घोळवलं. दादापुरतं ते खरं आहे. त्याला मी पुन्हा तसंच करीन, पुन्हा चढेन स्टेजवर. आईपुढे ते चालत नाही. ते दिवस आठवते, आबांचा श्वास, माझी बोटं, मागे भांड्यांचा आवाज. तो आवाज आम्हाला खटकायचा. एकदा आबा ओरडलेही होते, जरा हळू आपट म्हणून. मी हसले होते.

शिमग्याला येईन असं आई शेजारी सांगून गेली म्हणे. मला नाही सांगितलं. शेजारीण मनाचं सांगते का खरं, कोण जाणे.

आईची पत्र्याची पेटी खाटेच्या पायथ्याशी आहे. दोन लुगडी नेली की सगळीच, झाकण उचललं तर कळेल.

उचललं नाही.