सहा बाय आठची खोली

३ ऑक्टोबर १९९६, गुरुवार
पाणी सहाला आलं, सव्वासहाला गेलं. टाकी अर्धीच. कपडे तसेच भिजत पडले. त्यात मीनाक्षीचा फोन. पुण्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो, आता नोएडात तिचं स्वतःचं ऑफिस आहे. "ड्रॉइंग करेगी?" चौदा वर्षांनी कुणी विचारलं! तिचा ड्राफ्ट्समन सोडून गुडगावला गेला. एका कोठीच्या (इथे बंगल्याला कोठी म्हणतात) चार शीट्स हव्यात, शाईत, २८ तारखेपर्यंत. वेळेवर दिल्या तर पुढचं सगळं काम माझं, घरी बसून. "बिल्कुल," म्हटलं. फोन ठेवल्यावर सुचलं, घरी म्हणजे नक्की कुठे बसून?

५ ऑक्टो., शनि.
मयूर विहारचा हा फ्लॅट मिळाला तेव्हा शरद म्हणाला होता, मागची छोटी खोली तुझी. आता फक्त केतकी तिला 'आईची रूम' म्हणते. बाकी सगळ्यांसाठी स्टोअर.
आज आत शिरले. धाकट्या दिरांची ट्रंक (बद्रीनाथहून परत येताना नेणार होते, दोन वर्षं झाली). मावशींच्या मैत्रिणीचा होल्डॉल, ह्या मैत्रिणीला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. टीव्हीचं खोकं, वॉशिंग मशीनचं खोकं, मिक्सरची दोन. शरद टाकू देत नाही. "वॉरंटीला लागतं." टीव्हीची वॉरंटी केव्हाच संपली, खोकं मात्र अमर आहे. सगळ्याच्या खाली माझा ड्रॉइंगचा बोर्ड, त्यावर रजया. ओल लागू नये म्हणून मीच रचल्या होत्या.
संध्याकाळी शरदने कूलर आत आणून ठेवला. थंडी येतेय ना. उन्हाळ्यात रजया आत, हिवाळ्यात कूलर आत. ह्या खोलीला रिकामा महिना म्हणून नाहीच.

९ ऑक्टो., बुध.
नोएडाला जाऊन कच्ची ड्रॉइंग्ज घेऊन आले. कोठी केवढी! साहेबांची स्टडी वेगळी, बाईसाहेबांना ड्रेसिंग रूम, कुत्र्याला जागा. मीनाक्षी म्हणाली, "टाइम पे दे देना, यार. अगले साल से सब कंप्यूटर पे जाएगा. हाथ का काम बस अभी है." म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. बसमध्ये गुंडाळी छातीशी धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "कैलेंडर है?"

११ ऑक्टो., शुक्र.
पुण्याहून नलूवन्संचा फोन. त्या आणि भजनी मंडळातल्या चौघी, १९ला येणार, मग हरिद्वार, मग वैष्णोदेवी. "तुझंच पत्र दाखवलं ना सगळ्यांना. घर मोठं झालंय, अवश्य या, असं लिहिलं होतंस." लिहिलं होतं. वास्तुशांतीनंतर वीस पोस्टकार्डं लिहिली, प्रत्येकावर तेच वाक्य. सरकारी क्वार्टरच्या दीड खोलीत बारा वर्षं काढली होती, मिरवायचं होतं मला. भोग आता.
"आणि सुधा, पानिपतच्या रजया सांगून ठेव हं. अकरा."
"हो वन्सं," म्हणाले. माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

१४ ऑक्टो., सोम.
आज बसले!! खोली नाहीच मिळाली, बोर्ड जेवणाच्या टेबलावर घेतला. दोन ते चार. पेन कोमट पाण्यात ठेवून मोकळं केलं. पहिली रेघ थरथरली, ब्लेडने खरवडली. तिसरी सरळ आली. तळमजल्याच्या भिंती झाल्या. हात विसरला नव्हता गं बाई. रडूच आलं, शीटवर पडेल म्हणून मान फिरवली.
साडेचारला केतकी शाळेतून आली. "आई, खाना?" स्वयंपाकघरात काही नव्हतं. बिस्किटं दिली. फार अपराधी वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

१७ ऑक्टो., गुरु.
दोन शीट्स पूर्ण. पानिपतहून अकरा रजया आल्या. शरदच्या ऑफिसातल्या कुणी गाडीतून आणून टाकल्या. स्टोअरचं दार आता जेमतेम उघडतं. शरदला म्हटलं, निदान तिसऱ्या शीटपुरती तरी जागा करून दे. "करतो ना, रविवारी." रविवारी पाहुणे असणार, हे त्याला ठाऊक आहे. मलाही.

२० ऑक्टो., रवि.
पाच बायका, एक बाथरूम. पाणी सव्वासहापर्यंत. पोहे, मग चहा, एकीचा उपास, एकीला लसूण चालत नाही, एकीला दात नाहीत म्हणून मऊ भात. दुपारी दोन वाजता ओट्यावर डोकं टेकून उभी राहिले. वन्सं मागून म्हणाल्या, "दमलीस? जरा पड की." कुठे पडू? पाचही गाद्यांवर माणसं होती.

२३ ऑक्टो., बुध.
सोमवारी गेल्या. जास्तीच्या बॅगा आईच्या रूममध्ये. दोन दिवस शांत. तिसरी शीट झाली, सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, जिन्यासकट! सगळ्यात अवघड होती. उरली चौथी, दर्शनी बाजू. दोन दुपारचं काम. होईल. होणारच.
केतकी उभी राहून बघत होती. "आई, तू ये सब जानती थी?"
"मराठीत बोल."
"तुला हे येत होतं?"
येत होतं, हो.

२५ ऑक्टो., शुक्र.
वैष्णोदेवी रद्द, एकीचे गुडघे गेले. अचानक परत आल्या. मी भाजी आणायला गेले होते. केतकीने दार उघडलं. तिसऱ्या शीटवर मापं लिहून ती वाळत ठेवली होती बोर्डावर. वन्संनी गंगाजलाचा प्लास्टिकचा कॅन ठेवला, सपाट आणि स्वच्छ जागा बघून. कॅन गळका.
ट्रेसिंग पेपरला पाणी लागलं की संपलं, सुरकुततो तो सुरकुततोच. जिना, स्लॅब, सगळी शाई फुटली. वन्सं गडबडल्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, "गंगेचंच पाणी आहे, सुधा. चांगलंच होईल बघ तुझं." चौघींनी माना डोलावल्या. मी कॅन उचलला, पातेल्यात रिकामा केला, फरशी पुसली.

२६ ऑक्टो., शनि.
तिसरी पुन्हा, शिवाय चौथी. आज आणि उद्या दिवसभर बसले असते तर झालं असतं. हे मी सकाळी नीट मोजलं होतं. शरद घरी होता. केतकीला सुट्टी. वन्सं म्हणाल्या, "करोल बागेत जायचं होतं, पण तुला काम असेल." मी म्हणाले, "छे, चला ना."
का म्हणाले? कुणी बळजबरी केली नव्हती. शरद म्हणालाही, "मी नेतो." मी म्हटलं, तुला साड्यांतलं काय कळतं. सात तास करोल बागेत. सहा साड्या, दोन स्वेटर, एक कुकर, आणि कुकरचं खोकं.

२८ ऑक्टो., सोम.
पहाटे उठून तिसरी परत काढायला घेतली. साडेपाचला वन्सं उठल्या, चहा. पुढे काय ते लिहीत नाही. दुपारी मीनाक्षीला फोन. दोनच तयार आहेत म्हटलं. ती म्हणाली, "यार, मैंने तेरे भरोसे रखा था." चिडली असती तर बरं वाटलं असतं. काम कुठल्या कंप्युटरवाल्याला दिलं. "तू घर देख अपना, कोई बात नहीं." मायेनेच म्हणाली, तेच जास्त लागलं.

३० ऑक्टो., बुध.
वन्सं गेल्या. आठ रजया नेल्या, तीन राहिल्या. रडून झाल्यावर शरदला सगळं सांगितलं. "अगं, मग सांगायचं होतंस ना!" खरंच बोलला. तो वाईट नाही, वन्सं वाईट नाहीत. सगळी इतकी चांगली आहेत की कुणावर ओरडावं तेच कळत नाही. मग मी केतकीवर ओरडले, मोजे कोचावर टाकले म्हणून.

१५ नोव्हें., शुक्र.
दिवाळीत काही लिहिलं नाही. फराळ, जाळी काढणे, पितळ घासणे. फ्रिजच्या एक्स्चेंज ऑफरला बळी पडलो. नवा फ्रिज आला, खोकंही आलं. बोर्ड पुन्हा रजयांखाली. ओल लागू नये.

२३ नोव्हें., शनि.
टेप घेऊन स्टोअर मोजलं. सहा बाय आठ. उरलेल्या ट्रेसिंगवर प्लॅन काढला, एका इंचाला एक फूट. ट्रंक, कूलर, होल्डॉल, खोकी, रजया, सगळं मापात. मग बोर्ड नि स्टँड कागदाचे कापून प्लॅनवर सरकवत बसले. आडवं, उभं, खिडकीशी. कुठेच नाही. शेवटी एका जागी बसलं, दाराला लागून. पण दार आत उघडतं. म्हणजे टेबल लावलं तर दार उघडणार नाही.
चांगलं ड्रॉइंग झालंय, तसं बघायला गेलं तर. रेघा स्वच्छ.

३० नोव्हें., शनि.
वन्संचा फोन. रजया सगळ्यांना आवडल्या, आणखी सहा सांग. त्यांच्या जावेचा मुलगा इंटरव्ह्यूला येतोय, मंगळवारी, आठ-दहा दिवस. "तुझ्या त्या छोट्या खोलीत झोपेल, त्याला काही लागत नाही."
"हो वन्सं."

३ डिसें., मंगळ.
हे आत बसून लिहितेय. दुपारी स्टँड लावला, बोर्ड चढवला, आधी स्वतः आत आले आणि मग टेबल दाराशी ओढलं. प्लॅनप्रमाणे तंतोतंत बसलं. पाठीला कूलर टोचतोय. बोर्डावर कोरा कागद. काढायला काही नाही. मीनाक्षीला परवा फोन केला होता, म्हणाली, अब तो हाथ का काम आता ही नहीं. तरी कागद चिकटपट्टीने चारही कोपऱ्यांत लावला.
आत्ता बेल वाजली. केतकीने दार उघडलं. बॅग ओढल्याचा आवाज. मग ह्या दाराची कडी हलली, दार बोर्डावर येऊन आपटलं, पेन घरंगळलं.
"आई? दादा आ गया. सामान कुठे ठेवायचं?"
...
"आई, तू आत आहेस ना?"
टेबल वीतभर मागे घेतलं की दार उघडेल. मागे कूलर आहे, तरी होईल. केतकी तिसऱ्यांदा हाक मारतेय. तोंडात 'हो' आलंय, अजून बाहेर काढलं नाही.